सतीशने लहूला मारलं

यशश्री पुण्यात चीनचा इतिहास शिकली होती. ओमानमधल्या सोहारच्या पोलाद कारखान्यात मात्र ती पत्रव्यवहार बघायची. कारखान्याला पंचवीस वर्षं होत आली, तेव्हा मॅनेजर आदिलने स्मरणिका लिहायचं काम तिच्याच गळ्यात घातलं. "तुम तो हिस्ट्रीवाली हो."

त्याच आठवड्यात रत्नागिरीकडचा फिटर लहू चालत्या पट्ट्यात ओढला गेला. पट्ट्यावरची सुरक्षेची जाळी काढलेली होती. उरलं ते गोणपाटावर गोळा करावं लागलं.

यशश्रीचा नवरा सतीश तिथलाच मेंटेनन्स इंजिनिअर. जेवताना तिने विचारलं, "जाळी काढलीय, तुला माहीत होतं?"

"होतं. आदिलसाहेबांनीच काढायला लावली. जाळीनं काम अडतं म्हणाले."

"मग नंतर जाब विचारलास?"

"यशू, नोकरी घालवू? आणि मी तर तेव्हा घरी होतो."

तिला दोंग हू आठवला. फार पूर्वी चीनमध्ये एका राजाचा खून झाला. प्रधान तेव्हा पळून चालला होता. पण सरहद्द ओलांडण्याआधीच परतला, आणि खुन्याला त्याने शिक्षा केली नाही. दरबारी इतिहासकार दोंग हूने लिहिलं, प्रधानाने राजाला मारलं. घाव कुणी घातला यापेक्षा दोष कुणाच्या माथी, हेच त्याच्या लेखी सत्य.

यशश्रीने स्मरणिकेत लिहिलं, 'सतीशने लहूला मारलं.'  आपल्या माणसालाही सोडलं नाही, याचा तिला अभिमान वाटला.

आदिलने वाचलं. ती बोलणी खायला तयार होती.

"शाबास. सच लिखा है," तो म्हणाला.

आदिलने ते वाक्य स्मरणिकेतून काढलं आणि पोलिसांपुढे ठेवलं. बायकोच लिहितेय म्हटल्यावर आणखी काय हवं? आदिलच्या तोंडी हुकमाला साक्षीदार कुणी उभा राहिला नाही. सतीशला नेलं.

ती धावत आदिलकडे गेली. "जाळी तुम्ही काढायला लावलीत. तुमचं नाव लिहायला हवं होतं मी."

"तो लिखा क्यों नहीं?" त्याने चहा मागवला. "यल्ला, काम पे लगो."

दोंग हूने दरबारातला सगळ्यात बलाढ्य माणूस धरला होता. तिने हाताशी असलेला धरला. आदिलचं नाव लिहायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग गावाहून लहूच्या बायकोचा, कलावतीचा फोन आला. "ताई, सोताच्या घोवाचं नाव घेतलंत. देव तुमचं भलं करो."

"कलावती, ऐका. खरा गुन्हेगार दुसराच आहे. मॅनेजर."



"आता घोवाला वाचवायला बघताय व्हय?" कलावती म्हणाली, आणि फोन कट झाला.