घाऊक बाजारातली वांगी

आई गेली, भावानं घर विकलं, म्हणून यंदा कोल्हापुरात मी लॉजवर उतरलो. सकाळी करायला काहीच नव्हतं. लॉजचा मॅनेजर बाहेरगावच्या सगळ्यांना सांगतो तेच मलाही म्हणाला, "भाजीचा घाऊक बाजार बघून या, फोटो झकास येत्यात." डोकंच फिरलं. आमची खानावळ होती तोवर त्या बाजारातून आई वांग्यांची पोती आणायची आणि पोत्याचं दुसरं टोक मी धरायचो. तरी गेलो. दुसरं जायचं तरी कुठं?

सौदे जोरात चालले होते. मोबाईल उगारून मी नेमका वाटेत उभा. पाठीवर पोतं घेतलेला हमाल खेकसला, "पावणं, बाजूला व्हा की!" माझ्याच गावात मी पाहुणा! भांडावंसं वाटलं, पण भांडायचं कशाच्या जोरावर?

रिकाम्या हातानं परतायला नको म्हणून एका अडत्याकडे वांगी मागितली.

"हितं पोत्याखाली देत न्हाय. जेवणारी माणसं किती?"

"मी एकटाच."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, फाटक्या पोत्यातून ओंजळभर वांगी काढली आणि माझ्या पिशवीत टाकली. मी पाकीट काढलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. एकट्याचं काय वजन करायचं?"

भला माणूस. पण थोबाडीत बसल्यासारखं झालं.

लॉजवर येऊन वांगी पलंगावर ओतली. चांगली ताजी, काटेरी देठांची होती. मग ध्यानात आलं, ती शिजवायला या अख्ख्या गावात आपली चूलच उरलेली नाही.