आपोआप येणारी तारीख

समासबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. खुर्चीत बसायच्या, उठायच्या, पुन्हा बसायच्या. त्यांचं खरं नाव आता कुणाला आठवतंय? कागदाच्या कडेला बोटभर समास सुटला नाही तर साहेबांचंही पत्र फाडून पुन्हा टाइप करणारी ही बाई, म्हणून समासबाई.

पूर्वी कार्यालयात जुनं पत्र उघडून त्यावरच नवं लिहायचे. मग एकाच्या पत्रात दुसऱ्याचा पत्ता राहायचा, आणि बोंबाबोंब! बाईंनी एकेक टेम्प्लेट बनवलं, म्हणजे पत्राचा तयार साचाच. रजेचं वेगळं, नेमणुकीचं वेगळं. मथळ्याची स्टाइल ठरलेली, मजकुराची ठरलेली, आणि तारीख तर आपोआप येणार. "हात लावायचं काम नाही!" असं त्या मजलाभर सांगत फिरल्या होत्या. हौस दांडगी ना!

त्याच तारखेनं आज घात केला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला कायम करायचं की काढायचं, ते तीन वाजता ठरणार होतं. दोन वर्षांपूर्वीची सहा दिवसांची गैरहजेरी आड येत होती. रजा मंजूर झाली होती, पत्र बाईंनीच टाइप केलं होतं, पण सहीची प्रत काही सापडेना. म्हणून बाईंनी कॉम्प्युटरमधलं पत्र छापून साहेबांपुढे ठेवलं. त्यावर तारीख आजची!

"आजच टाइप केलंत ना त्याच्यासाठी?" साहेब म्हणाले. "दया कळते मला, पण असलं खोटं चालणार नाही."

पत्र उघडलं की तारीख त्या दिवसाची होते, हे आत्ता कुठे बाईंच्या डोक्यात शिरलं. गप्प बसावं तर त्याची नोकरी जाते. बोलावं तर दोन वर्षांची शेकडो पत्रं संशयात येतात आणि आपलं नाक कापलं जातं. त्या जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "अगं बये, बोल की!" त्यांनी स्वतःलाच दटावलं.

पावणेतीनला त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या आणि गेल्या वर्षीचं, साहेबांच्याच नेमणुकीचं पत्र त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडलं. त्यावरही आजची तारीख.

"बघा साहेब, तुम्हीसुद्धा आजच रुजू झालात. खोटं काही नाही, चूक माझी आहे. सगळीच पत्रं अशी झालीत."

साहेबांनी ती तारीख पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी पहारेकऱ्याच्या कागदावर सही केली. "आता प्रत्येक पत्राची खरी तारीख तुम्हीच शोधायची. एकट्यांनी."

पहारेकरी बाहेर ताटकळत होता. बाईंनी त्याला कायम झाल्याचं सांगितलं, तसा तो भिंतीला टेकला.

"बाई, चार दिवस सगळे म्हणतायत की तू रजा घेतलीच नव्हतीस. मलाच वाटायला लागलं होतं, आई गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो की काय."

"होतास रे," बाई म्हणाल्या. "होतास."