आठवी उडी

साऊहिंगच्या घरात सकाळी आधी पेज उकळायची आणि तिच्या मागोमाग नवरा. त्या दिवशी निमित्त होतं खारवलेल्या अंड्याचं.

"ह्याला खारवलेलं म्हणतात? समुद्राशेजारून नुसतं फिरवून आणलंय."

"डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, तोंड नाही. गिळ मुकाट्यानं, म्हाताऱ्या."

कामशिंग चाळीस वर्षं मिनीबस चालवून घरी बसलेला, त्यामुळे हॉर्न वाजवायची हौस आता बायकोवर भागवायचा. ती हसत हसत चहासाठी थर्मास उचलायला गेली. भरलेला असेल या हिशोबानं तिनं हाताला जोर दिला, आणि रिकामा थर्मास भसकन वर आला. ती जागच्या जागी थिजली. कामशिंगनं चटकन उठून तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच नळाशी गेला. झाकण लावलेलं रिकामं भांडं घरात ठेवायचं नाही, हा नियम त्याचाच. आज विसरला होता.

तेवढ्यात बाहेरच्या लोखंडी जाळीवर टकटक झाली.

दारात एक मुलगी उभी. पंचविशीची, पाठीला लॅपटॉपची पिशवी, दोन्ही हातांत धरलेला अंड्याच्या टार्टचा खोका. "हिंगमावशी ना? तारवाल्या हिंगमावशी?"

हे नाव साऊहिंगनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मुलीचं नाव सित हॉईयिन. जुने सिनेमे धुऊनपुसून पुन्हा थिएटरात आणणाऱ्या कंपनीत ती कामाला होती, आणि सध्या 'लोखंडी बगळा' साफ करत होती.

"बगळा!" कामशिंगचा चेहरा उजळला. "अगं, ये, बस. त्याची सगळी कॉमिक्स होती माझ्याकडे. सिनेमा तर मी अकरा वेळा पाहिलाय."

"आणि अकरा वेळा गोष्ट कळली नाही," साऊहिंग म्हणाली.

"गोष्ट कोणाला हवी होती? शहर चीनकडे जाणार म्हणून सगळं हाँगकाँग तेव्हा घाबरलेलं. कोण कॅनडाला निघालेलं, कोण निघालेल्यांची भांडी विकत घेत होतं. आणि तो दुकानांच्या पाट्यांवरून असा उडायचा! दोन तास वाटायचं, या शहराला वर उचलणारं कोणीतरी आहे."

हॉईयिन हसली. "पण काका, दहाव्या मजल्यावरून पडतो आणि कोटाची धूळ झटकून चालायला लागतो. ती नायिका नुसती किंचाळते. आणि चाळीस माणसं मारतो, त्यांतल्या एकाची तरी कोणी चौकशी करतं का?"

"त्या चाळिसांत सोळा तर एकटा फाईच आहे," साऊहिंग म्हणाली.



चुनफाई तिचा धाकटा भाऊ. दोघं लहानपणी नाटकाच्या फडात कोलांट्या शिकली. पुढे फाई सिनेमात डुप्लिकेट झाला आणि ती त्याची तार ओढायला लागली. नायक उडायचा म्हणजे पाठीची तार कप्पीवरून जायची आणि तिला जोडलेल्या दोराच्या टोकाला सहा माणसं हातमोजे घालून पळायची. त्यांतली सगळ्यांत पुढची साऊहिंग, आकडे मोजत. 'बगळ्या'त मुखवटा घालून उडायचा तो फाई, आणि मुखवटा काढून मार खायचा तोही फाईच. गोदामातल्या मारामारीत तर तो स्वतःलाच खिडकीबाहेर फेकतो. "ताई, मला शेवटी मीच मारणार बघ," असं तेव्हा तो दात काढून म्हणाला होता.

हॉईयिननं लॅपटॉप उघडला. "मावशी, आम्हाला सगळ्या तारा पुसायच्या आहेत. हल्ली पुसता येतात. पण अंधारातल्या शॉटमध्ये कुठे किती तारा होत्या, ते कळत नाही. म्हणून तुमच्याकडे आले."

साऊहिंगनं हा सिनेमा कधीच पाहिला नव्हता. नवीन वर्षाच्या सुट्टीत टीव्हीवर लागला की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. आज मात्र ती खुर्ची ओढून बसली. एकेका शॉटला बोट लावून सांगत गेली. इथे दोन तारा. इथे एकच, खांद्यामागून. इथे तार नाही, खाली गाद्या होत्या.

मग ती पाट्यांवरची उडी आली. दोन पाट्यांच्या मधे बगळा, एक गुडघा वाकलेला, कोट पसरलेला. चेहरा मुखवट्यात. पण डाव्या मुठीत अंगठा आत दुमडलेला होता. तशी मूठ फाई पाच वर्षांचा असल्यापासून वळायचा. त्याच्या पाठीवर, अर्धा क्षण, वीतभर तार चमकली.

"हीच ती!" हॉईयिन म्हणाली. "या तारेवर लोकांनी किती विनोद केलेत. ही सगळ्यात आधी पुसणार."

"ही आठवी उडी," साऊहिंग म्हणाली.

कामशिंगनं पेजेची वाटी खाली ठेवली.

"दिग्दर्शक कॉमिकचं पान हातात घेऊन उभा होता. त्याला डिट्टो ते चित्र हवं होतं. चित्रातला माणूस कागदावर जन्मभर लटकेल, त्याचं काय जातंय? फाईला तसं टांगून ठेवायचो, मोजून सहा आकडे. गुडघा खाली गेला की पुन्हा. तार जाड लावली तर दिसते म्हणून बारीक. दरवेळी मी तिला बुटाचं काळं पॉलिश चोळायची. सात वेळा चोळलं. आठव्या वेळी फाईचे ओठ पांढरे पडले होते. मी त्याला चहा पाजत बसले, आणि वीतभर चोळायचं राहिलं."

हॉईयिन पडद्याकडे बघत होती.

"उडी बरोबर चित्रासारखी झाली. टाळ्या पडल्या. फाई खाली उतरून म्हणाला, 'ताई, झालं, आता नूडल्स.' तेवढ्यात कॅमेऱ्यावरचा माणूस म्हणाला, तार चमकली. मग मी व्यवस्थित पॉलिश लावलं आणि नववी घेतली. आठ वेळा त्याच कप्पीवर वाकलेली तार ती. मी चार म्हटलं आणि दोर हलका झाला. नुसता हलका झाला, बाई. आम्ही सहाच्या सहा पाठीवर पडलो."

नळातून थेंब गळत होते. कामशिंग बंद करायला उठला नाही.

"अकरा दिवस होता हॉस्पिटलात. मग गेला," साऊहिंग म्हणाली. "दुसरी जमलेली उडी नव्हतीच, म्हणून सिनेमात त्यांनी हीच घातली."

"मला माहीत नव्हतं, मावशी," हॉईयिन हळूच म्हणाली. "कागदांत नुसतं 'चित्रीकरणात अपघात' लिहिलंय. पण मोठ्या पडद्यावर ही तार ढळढळीत दिसेल. लोक पुन्हा हसतील."

"हसू देत. पण ही पुसलीस तर उडी बिनचूक होईल. मग नववी घ्यायचं कारणच उरत नाही. उद्या मलाच वाटायला लागेल की तो आपला आपणच उडाला आणि आपला आपणच पडला."

तिनं हातातलं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं.

"बाकी सगळ्या तारा पूस. कुठे किती आहेत ते मी बसून सांगते, हवं तर रोज ये. ह्या एका शॉटमधली तेवढी राहू दे."