न पिसलेली पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवापुढंसुद्धा विषय काढला नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, आपण होऊन कशाला सांगा? तर ऐका. मी एक वर्षभर पत्ते न पिसता वाटले. आणि वर गावभर मिरवले, की पत्त्यांचा असा खेळ मराठवाड्यात कुणी मांडला नाही!

एवढंच? — असं म्हणाल तुम्ही. एवढंच असतं तर मीच चार पाहुण्यांत हसून सांगितलं असतं. मला स्वतःवर हसायला कधी जड जातं काय?

परवा नात मोबाईलवर पत्ते खेळत बसली होती. मध्येच मान वर करून विचारते, "आजी, यात पत्ते कोण पिसतं गं?"

"मोबाईलच पिसतो."

"आणि तो विसरला तर?"

मी चहा गाळत होते. अर्धा कपात, अर्धा ओट्यावर. पोरगी आपली पुन्हा खेळायला लागली, पण माझं तेव्हापासून एका जागी बूड टिकेना. फ्रिज उघडते, कशाला उघडला ते आठवत नाही. रिक्षानं दोनदा गारखेड्यापर्यंत जाऊन आले आणि दोन्ही वेळा वांगी घेऊन परत. आता घरात वांग्याचं नाव काढलं की सगळे ताटावरून उठतात. म्हणून म्हटलं, लिहून टाकावं. पण कुठून सुरू करू? — त्या बाईपासूनच करते.

ती बाई म्हणजे मी. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, नाकावर चष्मा, चष्म्यावर गर्व. लहान कारखान्यांच्या पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहून द्यायची. तेव्हा आपल्या शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि इंटरनेट कशाशी खातात हे कुणाला माहीत नव्हतं. पण फोनच्या तारेला मोडेम नावाचा डबा जोडला, की एका घरचा कंप्युटर दुसऱ्या घरच्या कंप्युटरला फोन लावायचा. शिट्ट्या, खरखर, किंचाळ्या, आणि मग पडद्यावर अक्षरं. मी घरच्याच फोनवर असा एक बोर्ड उघडला. लोकांनी फोन लावायचा, निरोप लिहायचे, दुसऱ्यांचे वाचायचे. नाव ठेवलं 'बावन्न'. शहराचे दरवाजे बावन्न म्हणतात, पत्त्यांची पानंही बावन्न. या नावावर मीच इतकी खूश, की आठवडाभर घरात दुसरं काही बोलले नाही.

फोन एकच. तो सासूबाईंना सकाळी लागायचा आणि नवऱ्याला संध्याकाळी. म्हणून बोर्ड दुपारी दोन ते पाच. एका वेळी एकच माणूस येणार, मग पत्ते कसे खेळायचे? मी डोकं लढवलं. बदामसत्ती! ज्याच्याकडं बदामाची सत्ती त्यानं सुरू करायचं, मग सत्तीच्या खाली छक्की नाहीतर वर अठ्ठी, अशी पानं लावत जायची; हातातली पानं ज्याची आधी संपली तो जिंकला. एकानं फोन लावायचा, एक पान टाकायचं, ठेवून द्यायचा. मग दुसऱ्यानं. एक डाव पाच-सहा दिवस चालायचा. दोन वाजले की लोक फोनवर तुटून पडायचे.

खेळणारे आम्ही चौघं. मी — बोर्डावर माझं नाव 'राणी', दुसरं काय असणार? गारखेड्याचे एक दातांचे डॉक्टर. वेरूळच्या एका लॉजचे मॅनेजर, ज्यांची लाईन पान टाकता टाकता तुटायची. आणि चौथे शेषराव.

शेषराव चितेगावच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला माल तपासायचा, खोट असेल तर बाजूला काढायचा, हे काम. शेजारीच प्रेसची मशीनं धाडधाड चालायची. वीस वर्षांत दोन्ही कान गेले. लवकर निवृत्ती घेऊन गारखेड्याला घरी बसले होते. मुलगी घरूनच डीटीपीचं काम करायची, म्हणून घरात कंप्युटर. सभासद व्हायला स्वतः आले, कारण फोनवर त्यांच्याशी बोलणार कसं? बहिऱ्या माणसासारखे ओरडून बोलायचे. "बाई, आमच्याकडं फोन हाय, पण माझ्यासाठी नुसतं शोपीस! आता मी पण फोनवर बोलणार, व्हय ना?" खिशात छोटी वही असायची, तुम्ही त्यात लिहून उत्तर द्यायचं. मी लिहिलं, "हो. दुपारी दोनला." त्यांनी ते पान फाडून घडी करून खिशात ठेवलं.

बोर्डावर त्यांनी नाव घेतलं 'इन्स्पेक्टर'. डॉक्टरांना महिनाभर वाटत होतं पोलीस खात्यातले आहेत. त्यांच्याशी जपूनच बोलायचे. पण किती बोलायचे हो शेषराव! बसच्या कंडक्टरवर, पेरूवर, शेजारच्याच्या मांजरावर — अर्धा अर्धा पडदा भरून. मोडेमच्या शिट्ट्या ऐकू येत नसत, तर डब्यावर तळहात ठेवून बसत आणि थरथर थांबली की समजत, लागला फोन. हे त्यांनीच लिहिलं होतं. आम्ही सगळे हसलो होतो. चांगलं हसलो होतो, खोटं कशाला सांगू.

आता दुखतं तिथं येते.

तेव्हाही लाईट जायची, आणि तासन्‌तास जायची. बॅटरी संपली की माझं मशीन बंद, चालू डाव मोडला. लाईट आली की मशीन आपलं आपण नवा डाव वाटायचं. मी बोर्डावर सूचना लावली, की लाईट जाऊन आल्यावर नवा डाव वाटलेला असेल, सर्वांनी बघावा. आणि माझ्या ध्यानात आलं की लाईट गेल्यानंतरचा डाव हमखास शेषराव जिंकतात. एकदा, दोनदा, चारदा, सहादा! त्यांच्याकडं दर वेळी बदामसत्ती, वर आणखी दोन सत्त्या. आणि माझ्या हातात? तीन राजे, तीन एक्के — या खेळातली सगळ्यात शेवटी सुटणारी पानं. मी नशिबाला बोल लावत बसले. दर वेळी तेच तीन राजे येतायत हे त्या हुशार बाईला दिसलं का? नाही. तिला फक्त एवढंच दिसलं, की राणी हरतेय.

आणि मग शेषरावांचा निरोप आला. तेव्हा कंप्युटरवर मराठी उमटायची नाही, इंग्रजी अक्षरांत लिहायचो. निरोप असा होता:

Light gelyavar mi pan baghto. Dav tasach yeto. Lagech kalte.

मी काय वाचलं? — लाईट गेल्यावर मी पान बघतो. डाव तसाच येतो. लगेच कळते.

म्हणजे वर तोंड करून सांगतात, की मी तुमची पानं बघतो, डाव आपसूक माझ्याकडं येतो! मला वाटलं माझ्या मशीनमध्ये शिरायची काहीतरी वाट यांना सापडलीय. डोक्यात अशी सणक गेली. विचारावं, एक ओळ लिहून विचारावं — सुचलंच नाही. नाही, हे खोटं आहे. सुचलं होतं. पण विचारलं असतं तर थाटात जाहीर कसं करता आलं असतं? मी बोर्डाच्या पहिल्याच पडद्यावर लावलं: 'इन्स्पेक्टर दुसऱ्यांची पानं चोरून बघतात. सभासदत्व रद्द. चोराला इथे जागा नाही.' आणि त्यांच्या नावापुढं कुलूप घातलं. त्यांनी फोन लावला, की 'प्रवेश नाही' एवढं दिसणार आणि लाईन कट.

दुसऱ्या कुणी फोन उचलून भांडलं असतं. ते कसे भांडणार? फोन करून 'बाई, तुमचा गैरसमज झालाय' म्हणायची सोय त्या माणसाला नव्हती. सोय होती ती एकच, आणि तिला मी कुलूप घातलं होतं.

तिसऱ्या दिवशी ते घरी आले. मी खिडकीतून लुना पाहिली. बेल वाजली. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिले, पाय वर घेऊन, लहान पोरीसारखी. पुन्हा वाजली. घरात बेल वाजतेय की नाही हे त्यांना कळणार नव्हतं, म्हणून त्यांनी ती बराच वेळ दाबून धरली असेल. मग लुना गेली. दाराखाली वहीचं पान होतं. निळी शाई, रेघ मारल्यासारखं अक्षर:

'बाई, लाईट गेल्यावर मी पण बघतो. डाव तसाच येतो, म्हणजे मागच्या वेळचाच. लगेच कळते. चौघांचीही पानं तीच असणार. माझी तेरा खाली लिहिली आहेत. पुढच्या वेळी ताडून बघावे. मशीनमध्ये कुठेतरी खोट आहे.'

पण. पान नव्हे, पण. पी-ए-एन. इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखेच दिसतात; मराठीत मध्ये एक काना असतो. त्यांनी लिहिला नव्हता, मी वाचला होता.

मी मशीन बंद केलं, चालू केलं. शेषरावांच्या जागेला वाटलेली पानं बघितली. चिठ्ठीतली तेरा, त्याच क्रमानं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तीच. कंप्युटर काही हातानं पत्ते पिसत नाही; त्याला आधी सांगावं लागतं, की बाबा, घड्याळात किती वाजलेत बघ आणि तिथून आकडे उचल. नाही सांगितलं तर चालू झाल्यावर दर वेळी तो त्याच आकड्यापासून सुरुवात करतो. एका ओळीचं काम. शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगतात. मी ती ओळ लिहायला विसरले होते, आणि जन्मभर माल तपासलेल्या माणसानं खोट बरोबर बाजूला काढली होती. स्वतः जिंकत असताना काढली होती! गप्प बसून जिंकत राहता आलं असतं की.

मी ती ओळ लिहिली. तीन मिनिटं लागली. पत्ते पिसले जायला लागले.

आणि कुलूप? — ते मी तसंच ठेवलं.

तुम्ही विचाराल का. तेव्हा माझ्याजवळ कारणं होती, चांगली गुळगुळीत. ज्या बाईला पत्ते पिसता येत नाहीत तिला कारखान्याचे पगार कोण सोपवेल, वगैरे. ती इथं मांडत नाही. पहिल्या पडद्यावरची सूचना आठ दिवसांनी काढली, एवढं केलं, तेही गुपचूप. डॉक्टर म्हणत राहिले, "इन्स्पेक्टरच चोर निघाला, काय जमाना आलाय!" आणि मी म्हणत राहिले, "बघा ना." शेषरावांच्या जागी चौथं कुणीतरी आलं. चिठ्ठी मी पगारपत्रकांच्या फाईलमध्ये खुपसली. ती अजून आहे.

मशीन फोनची नोंद ठेवायचं. कुणी, कधी, किती वेळ. इन्स्पेक्टर, दुपारी दोन, अर्धं मिनिट. दुसऱ्या दिवशी, इन्स्पेक्टर, दोन, अर्धं मिनिट. मी रोज बघायची. रविवारी पण. हे कितीतरी महिने चाललं. मग कधीतरी उन्हाळ्यात एका दुपारी ती नोंद नव्हती, आणि त्यानंतर कधीच नव्हती. पुढं इंटरनेट आलं, बावन्न बंद झालं, तो डबा मी भंगारवाल्याला दिला. शेषराव आज असतील तर पंच्याऐंशीच्या घरात असतील. आहेत की नाहीत, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला गारखेड्याला जाते आणि वांगी घेऊन येते.

एक राहिलं. हेच सांगायचं होतं आणि हेच सारखं पुढं ढकलतेय.

कुलूप घातल्यानंतरच्या संक्रांतीला डॉक्टरांच्या बायकोनं हळदीकुंकवाला बोलावलं. शेषरावांची बायको, सत्यभामाबाई, गारखेड्यातलीच म्हणून तिथं येणार हे मला ठाऊक नव्हतं — ठाऊक असतं तर गेले नसते. डॉक्टरीणबाईंनी हौसेनं ओळख करून दिली, "या बावन्नवाल्या बाई!" सत्यभामाबाई साडी सावरत माझ्याजवळ येऊन बसल्या. बारीक अंगाची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. माझ्यावर राग आहे का बघत होते. नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं एक प्रश्न विचारला. त्यावर मी काय बोलले ते आधी सांगून टाकते, म्हणजे शेवटचा शब्द माझा राहणार नाही. पत्ते पिसायची ती ओळ लिहून तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. मुठीतला तिळगूळ चिकट झाला होता. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "शोधतेय अजून."

ती म्हणाली होती:

"आमचे हे रोज दोन वाजले की त्या डब्यावर हात ठेवून बसत्यात बघा. मी म्हणते, कशाला बसता, घेत न्हाईत ना तुम्हाला. तर म्हणत्यात, बाई लई हुशार हायत, माझी चिठ्ठी हाय त्यांच्याजवळ, तपासत असतील. तपासायला टाइम लागतो, मला ठावं हाय ना. सापडली का वो बाई, मशीनमधली खोट?"