बाजूच्या दाराचं कुलूप

ऑपरेटरभाऊ, हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, तरी तुमची नेहमीची प्रेक्षक म्हणून लिहिते. तुम्हाला सुनावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

परमुलखात राहून तुम्ही प्रत्येक सिनेमा त्याच्या मूळ भाषेतच दाखवलात. तिकीटखिडकीवर बसणाऱ्या वहिनी म्हणायच्या, "यांना दहा भाषांतले संवाद पाठ आहेत, फक्त बायकोचं बोलणं कळत नाही."

परकी भाषा म्हटली की पडद्यावर खाली उमटणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचणं आलं. लोक पडद्याजवळच्या बाजूच्या दारातून ये-जा करत आणि दर वेळी उजेड नेमका त्या ओळींवर पडे. म्हणून तुम्ही दाराला कुलूप ठोकलंत आणि किल्ली कमरेला लावलीत.

मी म्हटलं, "आग लागली तर माणसं निघतील कुठून?"

"बाई, इथे आजवर काडी पेटलेली नाही."

"मग हा जळका वास कसला?"

"यंत्र म्हातारं झालंय, आपल्यासारखंच. जरा तापट."

शेवटी तह झाला. दारावर टांगायला जाड काळं कापड मी आणायचं आणि सोमवारी, खेळ नसताना, तुम्ही कुलूप काढायचं.

रविवारी दुपारच्या खेळाला वरच्या तुमच्या यंत्राच्या खोलीतून धूर निघाला. मागचे लोक मोठ्या दाराने पळाले, पडद्याजवळचे अडकले. तुम्ही त्या धुरातून चाचपडत खाली आलात आणि कुलूप उघडलंत. सगळे बाहेर पडले, एक तुम्ही सोडून.

कापड मी शनिवारीच आणलं होतं. ते अजून कपाटात आहे, दुकानदाराने बांधलं तसंच.