विहिरीत उतरवलेलं इंजिन

मी किसनला कमरेत धरून विहिरीपासून मागे ओढत होतो. तो माझ्या हातांवर बुक्क्या मारत होता.

"सोड मले, मिस्तरी! भाऊ पडेल हाय माहा खाली!"

"तू उतरलास तर तूही पडशील."

खाली, तीस फुटांवर, त्याचा थोरला भाऊ तुळशीराम इंजिनाशेजारी पालथा पडला होता. हाका मारल्या तरी हलत नव्हता.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी चिखलीत ऑइल इंजिनांच्या दुकानात फिटर होतो. या दोघा भावांचा उंद्रीला भाजीपाल्याचा मळा होता. त्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी फार खाली गेलं. पंप पाणी वर ढकलतो चांगलं, पण खालून ओढताना वीस-बावीस फुटांपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून मग इंजिन आणि पंप विहिरीतच उतरवायचे, आत लाकडी माची बांधून तिच्यावर बसवायचे. अशा वेळी इंजिनाचा धूर पाइपानं काठाबाहेर काढावाच लागतो. तेवढा लांब पाइप दुकानात नव्हता.

मी मालकांना म्हणालो होतो, "शेठ, पाइप आल्यावरच इंजिन उतरवू."

"त्याची वांगी वाळून राह्यली. तू फिटिंग करून दे. पाइप चार दिवसांत येते."

मी फिटिंग करून दिलं. तुळशीरामला बजावलं, "पाइप येईपर्यंत थोडं थोडंच चालवा. चालू असताना खाली उतरू नका." बंद झाल्यावरही लगेच उतरू नका, हे सांगायचं राहिलं.

पाचव्या दिवशी एसटीच्या टपावर पाइपचे तुकडे टाकून मी उंद्रीला पोचलो. मळ्यात शिरलो तर आरडाओरड चालली होती. इंजिन सकाळपासून चाललं होतं. डिझेल संपून बंद पडलं, म्हणून तुळशीराम डबा घेऊन खाली उतरला होता.

किसनला मी दोघा गड्यांच्या हवाली केलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं कंदील पेटवून दोरानं विहिरीत सोडला.

"जळून राह्यला ना कंदील! हवा चांगली हाय. जाऊ द्या त्याले."

"नाही!" मी ओरडलो.

जुन्या विहिरीतल्या कोंदट हवेत कंदील विझतो, हे त्यांना माहीत होतं. पण इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्यात तो विझत नाही. त्या वायूला रंग नाही, वास नाही. धूर दिसेनासा झाला तरी तो विहिरीत साचून राहतो. माणसाचं डोकं जड होतं, पायातलं बळ जातं, आणि हाक मारायच्या आत तो पडतो. इंजिन कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला शिकवलं होतं.

हवा हलावी म्हणून निंबाच्या मोठ्या फांद्या तोडायला लावल्या. त्या दोराला बांधून विहिरीत खालीवर केल्या. बादल्यांनी पाणी फेकलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. किसन एकच बोलत होता, "तो मरून राह्यला, अन् तुम्ही झाडं तोडून राह्यले."

मग मी कमरेला दोर बांधून उतरलो. वरच्यांना सांगितलं, दोन झटके दिले किंवा माझा आवाज थांबला, की ओढा. खाली पोचताच कानशिलं ठणकायला लागली. दुसरा दोर तुळशीरामच्या काखेतून घातला आणि झटके दिले.

आम्हा दोघांना वर ओढल्यावर तुळशीरामची बायको गंगू वाकून बघत होती. त्याचा चेहरा लालसर दिसत होता.

"पहा ना, रंग हाय तोंडावर," ती म्हणाली. "जिवंत हायेत ते."

तो रंग त्या वायूचा असतो. मला माहीत होतं. त्याला पालथं झोपवून पाठ दाबत श्वास चालू करायचा प्रयत्न केला. बैलगाडीतही तेच करत राहिलो. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे तपासले आणि मान हलवली.

"केव्हा गेला असेल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित पडला तेव्हाच. कदाचित तुम्ही फांद्या तोडत होता तेव्हा."

पंचनाम्यात अपघाती मृत्यू लिहिलं गेलं. शेठ म्हणाले, "आपण त्याले सांगितलं होतं."

"अर्धंच सांगितलं होतं," मी म्हणालो.

किसन नंतर चिखलीच्या बाजारात दिसायचा. मला पाहून मान फिरवायचा. बऱ्याच वर्षांनी एकदा वांग्यांच्या ढिगामागून आपणहून बोलला. "मिस्तरी, वहिनी मले अजून पुसते, तू काऊन नाही उतरला म्हणून."

"मग काय सांगतोस?"

"काय सांगू? तुह्यं नाव सांगतो."

मी म्हणालो, "सांगत जा."

पुढे तीस वर्षं इंजिनं बसवली. गिऱ्हाइकांना एवढंच सांगत आलो: विहिरीत माणूस पडला तर आधी वरच्या माणसाला धरा. इंजिन चालू असेल तर वरूनच बंद करा, हवा हलवा, दोर बांधा, मगच उतरा. एवढं करेपर्यंत खालचा माणूस कित्येकदा वाचत नाही. पण मग एकच जातो.