जंतूलाही रोग होतो

दोन हजार एक साली मी रत्नागिरीत एका लहानशा लॅबमध्ये लघवी-शी तपासायचे. हसू नका! नाकं मुरडणारे रिपोर्टसाठी माझ्याच दारात उभे राहायचे. माझे कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर तेव्हा पुण्याला गेले होते. पोटात राहणाऱ्या जिआर्डिया नावाच्या एकपेशीय जंतूलाच जे विषाणू लागतात, ते विषाणू सर शोधत. त्यांनी कळवलं, "जिवंत जिआर्डिया पाठव. माझ्याकडे एक जागा आहे, तुझं नाव पुढे करतो." मला ती जागा हवीच होती. पण दोन महिने एक जंतू मिळेल तर शपथ! अख्ख्या गावाचं पोट कधी नव्हे ते ठणठणीत.

मग शेजारच्या मुसलमान मावशींच्या, आमच्या खालांच्या, नातीचं पोट बिघडलं. मुलगा-सून कुवेतला, चार वर्षांची पोर खालांकडे. लक्षणं ऐकूनच मी मनात पुण्याचं तिकीट काढलं. खालांना विषाणूचं सांगितलं तर त्या खूश. "जंताला पण रोग? बरं झालं मेल्याला! चोरावर मोर!"

बाटली स्वच्छ आणा, असं बजावलं होतं. सकाळी नमुना आला तो लालभडक. रक्त! मी घाईनं झाकण उघडलं. मग वास आला. खालांनी आगळाची बाटली आणली होती, तळाशी कोकमाचा तो खारट-आंबट रस राहिलेला.

"अगो, आगळात कधी कीड पडते काय? म्हणून तीच घेतली."

नाहीच पडत. सूक्ष्मदर्शकाखाली जिआर्डिया दिसले, ओळखू आले, पण सगळे मेलेले. मी कपाळावर हात मारला.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी औषध लिहिलं. ते सुरू झालं की जंतू संपणार, म्हणजे माझी जागाही. संध्याकाळी खाला दारात. खांद्यावर मलूल पोर, हातात न उघडलेली औषधाची बाटली.

"आजपासून द्या म्हणाले. मी नाय दिलं. सकाळी तुझं काम होऊ दे, मग देते. एका रात्रीनं काय होतं?"

खोटं कशाला बोलू, मी हिशेब मांडायला लागले. सकाळचा नमुना, दुपारची एसटी, पुणं. सगळं डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात पोर कळवळली आणि तिनं पोट धरलं.

"खाला, डोकं फिरलंय का तुमचं?" मी केवढ्यानं ओरडले! खरा राग माझाच मला आला होता. लाज वाटत होती. पोरीला मांडीवर घेतलं, चमचा भरला. पहिला घोट तिनं माझ्या ड्रेसवर थुंकला, दुसरा गिळला.

"तुझं पुणं गेलं गो," खाला हळूच म्हणाल्या.

"जाऊ दे मसणात!" म्हटलं, आणि चमचा धुवायला आत गेले.

चार-पाच दिवसांनी ती पोर आपल्या पायांनी आमच्याकडे आली आणि तीन घावनं खाऊन चौथं मागायला लागली. सरांचं पत्र त्याच दुपारी आलं. जागा भरली होती. मी पत्र फळीवर ठेवलं आणि तवा पुन्हा तापत घातला.